थोरला, धाकटा आणि खडतकर मॅडम

प्रयोगातून काही नवं दिसलं की खडतकर मॅडम खोलीत थांबत नसत. हातातली प्लेट घेऊन त्या थेट व्हरांड्यात जायच्या आणि समोर जो येईल त्याला दाखवायच्या. मग तो शेजारच्या विभागातला प्राध्यापक असो, कुरिअर घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर पोराच्या परीक्षेचा अर्ज भरायला आलेला कोणी बाप असो. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी गोल डबी. तिच्या तळाशी जेलीसारखा थर, त्यावर वाढलेल्या पेशींचे पांढरट ठिपके. मॅडम ती डबी समोरच्याच्या नाकाजवळ धरून विचारायच्या, "यातला कोणता वेगळा दिसून राहिला?"

माझी आणि त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी पीएचडीची चौकशी करायला गेले होते, सोबत बाबा होते. बाबा जबलपूरच्या खमरिया भागातल्या फॅक्टरीत नोकरीला, घर तिथल्याच क्वार्टरमध्ये. कॉलेजच्या पायऱ्या चढताना ते जरा बिचकलेलेच होते. व्हरांड्यात एक ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई समोरून जवळजवळ धावत आल्या आणि त्यांनी बाबांच्या हातात प्लेट ठेवली. आमचं आपसातलं बोलणं त्यांनी लांबून ऐकलं असावं, कारण हिंदी सोडून त्या सरळ मराठीत बोलल्या. बाबांनी डबी उजेडाकडे धरली, निरखून पाहिली आणि कडेचे ठिपके बारीक आहेत असं सांगितलं.

"काहून असतील?"

बाबा म्हणाले, कडेला ऊन लागलं असेल.

"वा!" मॅडमचा चेहरा असा खुलला, जणू बाबांनी कोणतंसं मोठं कोडं सोडवलं होतं. "आता ते उन्हानं झालं नाही, हे कसं दाखवायचं ते सांगा."

परतताना बसमध्ये बाबा आपणहून म्हणाले, डबी फिरवून ठेवायची, मग कळेल. त्या दिवशी मी ठरवलं की शिकायचं तर या बाईंकडेच.

खडतकर मॅडमचं काम खमिरावर, म्हणजे यीस्टवर चालायचं. पावाच्या पिठात पडतं तेच. त्या नेहमी खमीरच म्हणायच्या. हिंदी मुलांना तो शब्द ओळखीचा आणि आम्हा मराठी घरातल्यांनाही. मूळच्या त्या अमरावतीकडच्या. लग्न करून जबलपूरला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. वर्गात हिंदी आणि इंग्रजी बोलायच्या, पण उत्साह चढला की मराठीवर घसरायच्या. त्यामुळे आमच्या लॅबमधली दुबे, पटेल, फरहीन अशी सगळी मुलं एक मराठी शब्द पक्का शिकली होती: काहून, म्हणजे का. कोणी कोणाला रिझल्ट दाखवला की बाकीचे आपोआप "काहून?" म्हणायचे. त्या एका शब्दावर आमची सगळी प्रयोगशाळा चालत होती.

कांचघर नावाच्या वस्तीत त्यांचं घर होतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांची नणंद. नणंदेला सगळं जग अक्का म्हणायचं. अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, आवाज खणखणीत. दोघींचं भांडण सकाळी वर्तमानपत्रावरून सुरू व्हायचं ते रात्री दाराला कडी कोणी लावायची इथपर्यंत चालायचं. पहिल्यांदा मी घरी गेले तेव्हा दोघींचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता आणि मी परत फिरायच्या बेतात होते. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, जाओ बेटा, ये तो रोज़ का है. आत गेले तर वाद होता शेवग्याच्या झाडाला फुलं उशिरा का आली यावर. दोघी लालबुंद झालेल्या, आणि दोघी मजेत.

आता कामाविषयी थोडं सांगितलंच पाहिजे, नाहीतर मॅडम कळायच्या नाहीत.

खमिराच्या एका पेशीत हजारो जीन असतात. जीन म्हणजे एखादं काम करायची लिहिलेली कृती असं समजा. मॅडम त्यातला एक जीन काढून टाकायच्या आणि पाहायच्या, पेशी कशी वाढते. मग दुसरा काढायच्या. आणि मग दोन्ही एकत्र काढायच्या. खरी गंमत इथे असते. दोघांचं काम वेगळं असेल तर दोघं गेल्यावर नुकसान दुप्पट व्हायला हवं. पण दोघं एकाच कामाच्या रांगेत उभे असतील, तर एक गेला काय नि दोन्ही गेले काय, नुकसान तेवढंच. रांग एकदा तुटली की तुटली. म्हणजे जीनना न विचारता, फक्त पेशींची वाढ पाहून कोण कोणाबरोबर काम करतो ते ओळखता येतं. मॅडम म्हणायच्या, "एकाला विचारलं तर तो स्वतःचंच सांगतो. दोघांना घराबाहेर काढा, मग घर काय म्हणते ते ऐका."

तरुणपणी त्यांनी अशाच दोन जीनांवर मोठं काम केलं होतं. शास्त्रीय नावं आकड्यांची आणि अक्षरांची, पण मॅडमनी त्यांना नावं दिली होती थोरला आणि धाकटा. थोरला काढला की खमीर हळू वाढायचं. धाकटा काढला तरी तितकंच हळू. दोन्ही काढले तरी तितकंच. म्हणजे रांग एकच. थोरला हुकूम देतो, धाकटा तो पाळतो, असं त्यांनी मांडलं. शिवाय दोघांपैकी एक जरी काढला तरी खमीर उष्णता सोसत नाही, तापात फणफणलेल्या माणसाच्या अंगाइतकी ऊब दिली की पेशी मरतात, हेही दाखवलं. त्यांचा तो निबंध चांगलाच गाजला. जबलपूरच्या एका कॉलेजातून निघालेलं काम परदेशातले लोक वाचायचे, पाठ्यपुस्तकातल्या एका तळटीपेत त्याचा उल्लेखही होता. मॅडम स्वतः कधी सांगत नसत, पण विभागातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. नव्या मुलांना मोठी मुलं सांगायची: थोरला-धाकटा वाल्या मॅडम.

माझ्या वाट्याला त्याच कामाची पुढची पायरी आली. थोरला आणि धाकटा दोघांशी आणखी कोणते जीन जोडलेले आहेत ते शोधायचं. पहिले काही महिने माझे मखमल शिकण्यात गेले. हो, मखमल. एका प्लेटवरचे ठिपके जसेच्या तसे, जागा न बदलता दुसऱ्या प्लेटवर उतरवायचे असतील तर लाकडी ठोकळ्यावर मखमलीचं कापड ताणून त्याचा शिक्का करतात. मखमल आम्ही अधारतालच्या बाजारातून आणायचो. ब्लाउजपीसवाला दरवेळी विचारायचा, बिटिया, रंग कौन सा? आणि मॅडम सोबत असल्या की त्याला पंधरा मिनिटं खमीर समजावून सांगायच्या. शेवटी तो काळीच मखमल काढून ठेवू लागला, काळ्यावर पांढरे ठिपके चांगले दिसतात हे त्याला पाठ झालं होतं.

माझा हात सुरुवातीला जड होता. शिक्का दाबला की ठिपके फिसकटायचे. मॅडमनी एकदाच समजावलं. "दाबू नको. झोपलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवते तसा ठेव. ताप पाहायचा आहे, उठवायचं नाही." त्यानंतर माझी प्लेट कधी फिसकटली नाही.

एका सकाळी मी गरम कपाटातून प्लेटा बाहेर काढल्या. त्यात नेहमीच्या नमुन्यांबरोबर दोन्ही जीन काढलेलं खमीरही होतं. खरं तर ते उष्णतेत ठेवायची गरज नव्हती. मॅडमच्या जुन्या कामातही ते कधी ठेवलेलं नव्हतं. एकेक जीन गेल्यावर जे मरतं, ते दोन्ही गेल्यावर काय जगणार? पण शिक्का मारताना सगळ्या रांगा एकदम उमटतात, म्हणून ते आपसूक आलं होतं.

थोरला नसलेली रांग रिकामी होती. धाकटा नसलेली रांग रिकामी होती. आणि दोन्ही नसलेली रांग, जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे एका ओळीत गोल, टपोरे ठिपके उभे होते.

मी आधी झाकणावरची खूण पाहिली. मग प्लेट उलटी धरून पाहिली. पहिला विचार असाच येतो की आपण काहीतरी घोळ घातलाय. मॅडम मागून आल्या. त्यांनी प्लेट हातात घेतली, खिडकीशी गेल्या आणि ती उजेडात तिरकी करून पाहू लागल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"रेवा, हे होऊच शकत नाही," त्या म्हणाल्या. "चल, व्हरांड्यात."

त्या दिवशी प्लेट कोणाकोणाला दाखवली याचा हिशेब नाही. कँटीनमध्ये त्यांनी पोहे मागवले, जिलेबी मागवली आणि दोन्ही न खाता टेबलावर पाण्याच्या थेंबांनी रांगा काढून बसल्या. हा थोरला, हा धाकटा, हा मेला, हा मेला, मग दोघं नाहीत तर हा जगून काहून राहिला? फरहीन तेव्हा नुकतीच आली होती. ती म्हणाली, मॅडम, जैसे मियाँ-बीवी, एक चला जाए तो… मॅडमनी तिला तिथेच थांबवलं. खमिराला खमीर राहू दे, माणसांची दुखणी त्याच्या डोक्यावर घालू नकोस, असं तिला हिंदीत सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनंद झाला ना? आता उद्यापासून त्याला मारायचं."

मारायचं म्हणजे खोटं पाडायचं. चांगला रिझल्ट आला की मॅडमचा हा नियमच होता. ज्याच्यावर जीव जडतो त्यालाच आधी झोडपून पाहायचं. त्यांनी शक्यता मांडल्या. नमुने अदलाबदल झाले असतील. दुसरंच खमीर शिरलं असेल. किंवा त्या पेशींमध्ये कुठेतरी तिसराच एखादा जीन आपोआप बदलला असेल आणि त्यानं त्यांना वाचवलं असेल. ही तिसरी शक्यता सगळ्यात धोक्याची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

तिचा निकाल लावायला एकच रस्ता होता. सगळं मुळापासून पुन्हा करायचं. थोरला नसलेलं खमीर आणि धाकटा नसलेलं खमीर यांचं लग्न लावायचं. त्यांना उपाशी ठेवलं की ते पिशवीत चार बीजं धरतात, शेंगेत दाणे असावेत तशी. ती चार बीजं सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या केसासारख्या सुईनं एकेक वेगळी करायची आणि वाढवायची. कोणाला थोरला मिळालेला नसतो, कोणाला धाकटा, कोणाला दोन्ही नाहीत. दोन्ही नसलेली सगळीच्या सगळी बीजं उष्णतेत जगली तर गोष्ट खरी. काही जगली, काही मेली, तर वाचवणारा कोणीतरी तिसरा.

सुईचं काम मॅडमनी मला शेजारी बसवून शिकवलं. त्यांचा स्वतःचा हात असा चालायचा की तांदळातले खडे वेचताहेत असं वाटावं. माझी बीजं पहिल्यांदा सुईवरून घरंगळून कुठे गेली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. "श्वास सोडून हात हलव," त्या सांगायच्या. "भरल्या श्वासानं हात थरथरते." आजही मी सुईत दोरा ओवताना आधी श्वास सोडते.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. बाहेर जबलपूर भाजून निघत होतं, आणि आम्ही आत खमिराला आणखी उष्णता देऊन पाहत होतो. पुढच्या प्लेटा काढायच्या दिवशी सगळी लॅब वेळेआधी हजर होती. मॅडमनी स्वतः पाहिलं नाही. त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, वाच. मी वाचत गेले. दोन्ही नाहीत, जगलं. दोन्ही नाहीत, जगलं. दोन्ही नाहीत, जगलं. एकही अपवाद नव्हता. दुबेनं टेबलावर मूठ आपटली, फरहीननं मला मिठी मारली. मॅडम वळल्या, सगळ्या प्लेटा एकदा नीट पाहिल्या, आणि पहिल्यांदाच व्हरांड्यात न जाता आपल्या खुर्चीत बसल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. थोरला हुकूम देतो आणि धाकटा पाळतो, हे खरं असतं तर दोन्ही नसलेलंही मेलंच असतं. आम्ही ज्याला मारायला निघालो होतो ते जगलं होतं, आणि मेली होती ती मॅडमची जुनी मांडणी.

दोन दिवस त्या कॉलेजात आल्या नाहीत. असं कधी होत नसे. दरम्यान विभागप्रमुख तिवारी सरांनी मला बोलावलं. माणूस मनानं चांगला. त्यांनी मला आपुलकीनंच समजावलं. मॅडम वर्षाअखेर निवृत्त होताहेत, निरोपाचा मोठा कार्यक्रम ठरला आहे, बाहेरगावचे पाहुणे येताहेत, सगळे त्या जुन्या कामाचाच गौरव करणार. तुझ्या प्रबंधाला साध्या उबेतली वाढ पुरेशी आहे आणि ती मॅडमच्या मांडणीशी जुळतेही. उष्णतेचं प्रकरण बाजूला ठेव, पुढे कधी कर. तुझंही लवकर संपेल, त्यांचंही शोभेल. मी उठून सरळ कांचघरला गेले.

घरात चक्क शांतता होती. अक्कांनीच दार उघडलं. "बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "परवापासून माझ्याशी भांडली नाही. मी चहात साखर जास्त टाकून पाहिली, भाजी खारट करून पाहिली. काही नाही. खाऊन घेतलं गुपचूप."

मॅडम मागच्या अंगणात शेवग्याखाली बसल्या होत्या. मी तिवारी सरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आणि तुम्ही म्हणाल तसं करेन असंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं मला. खोटं काहून बोलू? पहिल्या दिवशी तर झोपच लागली नाही." त्या पुढे म्हणाल्या, "पण चूक प्रयोगात नव्हती, रेवा. ते सगळे आकडे आजही खरे आहेत. चूक नावात होती. मी एकाला थोरला म्हटलं, एकाला धाकटा. नाव ठेवलं आणि मग इतकी वर्षं नावच पाहत राहिले. थोरला आहे म्हणजे हुकूम देत असेल. धाकटा आहे म्हणजे पाळत असेल. दोघं नसलेलं खमीर माझ्या फ्रीजरमध्येच होतं न. उष्णतेत ठेवून पाहायला मला कोणी अडवलं होतं?"

मी विचारलं, मग ते आहेत तरी काय?

त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. तोच जुना चेहरा परत आला. "तेच तर! मी दोन दिवस तेच करून राहिले इथे. समज, दोघं एकमेकांना धरून एकच काम करतात. काम गेलं म्हणून वाढ मंदावते. एक गेला काय, दोन्ही गेले काय, मंदावणार तेवढीच. पण मरण काम गेल्यामुळे नाही येत. एकटा उरलेला उष्णतेत उसवतो, त्याचा गोळा होतो, आणि तो गोळा पेशीला मारतो. दोघंही नसले तर गोळा व्हायला उरतंच कोण? मंद वाढेल, पण जगेल. वाढ एका कारणानं, सोसणं दुसऱ्याच कारणानं. मी दोन्ही एकाच दोरीला बांधलं होतं." मग आतल्या दिशेनं ओरडून म्हणाल्या, "अक्का, भाजी काय खारट केली होती परवा! जीभ जळाली माझी."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि अक्का म्हणाल्या, चला, सुटली एकदाची.

पुढचे महिने आम्ही हवेत तरंगत होतो असंच म्हणावं लागेल. उरलेल्या जीनच्या कृतीतून बनणाऱ्या प्रथिनाला चमकणारी हिरवी खूण जोडायची आणि उष्णतेत ते काय करतं ते पाहायचं, असं ठरलं. ती चमक दाखवणारा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या विभागात होता, तिथल्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी एका स्टुलावर अर्ध्या-अर्ध्या बसलो होतो. साध्या उबेत सगळी पेशी एकसारखी फिकट हिरवी दिसत होती. उष्णता वाढली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो रंग आक्रसत गेला, त्याचे दाणे झाले, दाण्यांचे गोळे झाले. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटं उमटून होती. "पाहून राहिलीस न?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतकी वर्षं हे माझ्यासमोर होतं."

निरोपाच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. बाबा-आई आले होते, अक्का पहिल्या रांगेत कडक इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. पाहुण्यांनी मॅडमच्या जुन्या निबंधाचं भरभरून कौतुक केलं. हार झाले, शाली झाल्या. मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते त्यांच्या गाजलेल्या आकृतीचं, थोरल्याकडून धाकट्याकडे जाणारा बाण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी टाळ्या संपू दिल्या आणि म्हणाल्या, "मैं गलत थी. और मुझे बहुत मज़ा आ रहा है."

सभागृहात कोणाला हसावं की काय करावं कळेना. तिवारी सर खुर्चीत पुढे सरकले. मॅडमनी बाण खोडलेली आकृती दाखवली, आणि मग अख्ख्या सभेसमोर मला वर बोलावलं. पुढचं हिनं शोधलंय, हीच सांगेल, असं म्हणून त्या खाली जाऊन अक्कांशेजारी बसल्या. विषय मला पाठ होता, पण बोलायची अशी वेळ येईल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी श्वास सोडला आणि पडद्यावर प्लेट दाखवली. रिकामी रांग, रिकामी रांग, आणि भरलेली रांग. तिसऱ्या रांगेवर आले तेव्हा सभागृहातून एक दबका आवाज उठला, आणि मग मला थांबवणं कठीण झालं. प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये सगळ्यात अवघड प्रश्न मॅडमचाच होता. नमुने कितीदा बदलून पाहिलेस, गोळे मरणाआधी होतात की मेल्यावर, असं त्यांनी मला उभं-आडवं घेतलं. उत्तरं पटली तेव्हा टाळी सगळ्यात आधी त्यांनीच वाजवली.

कार्यक्रमानंतर तिवारी सर माझ्याजवळ आले. त्यांनी मला सांगितलं की आपण मॅडमना इतकी वर्षं ओळखत होतो, पण आज ओळख झाली. बाबांनी मॅडमना वाकून नमस्कार केला. मॅडमनी त्यांना मध्येच थांबवलं आणि विचारलं की डबी फिरवून ठेवायची गोष्ट तुम्हाला बसमध्ये सुचली होती म्हणे, हे खरं का? बाबा लाजले.

निवृत्तीनंतरही त्या येत राहिल्या. खुर्ची दुसऱ्याची झाली होती, म्हणून त्या फरहीनच्या स्टुलावर बसायच्या. माझा प्रबंध पार पडला, मला इथेच शिकवायला जागा मिळाली, आणि आमचा नवा निबंध त्यांच्या जुन्या निबंधाला खोडून छापून आला. दोन्हींवर त्यांचंच नाव होतं. त्या गमतीनं म्हणायच्या, माझं भांडण आता माझ्याशीच चालू आहे, अक्काला सुट्टी.

हिवाळ्यात एका दुपारी, जेवण करून आडव्या पडल्या असताना, त्यांचं हृदय थांबलं. काही कळायच्या आतच सगळं आटोपलं. अक्का शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या.

तेराव्याला आम्ही सगळे कांचघरला जमलो. जुने विद्यार्थी दूरदूरहून आले होते. बैठकीत सतरंजी घातली होती, फोटोला हार होता, उदबत्ती होती, आणि अशा ठिकाणी असते तशी शांतता होती. सगळे खाली मान घालून बसले होते. माझ्या शेजारी फरहीन बसली होती. ती बराच वेळ चुळबुळत होती. शेवटी तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सांगितलं की दोन्ही जीन नसलेलं खमीर तिनं मिठाच्या प्लेटवर ठेवलं होतं. उष्णतेत ते टिकतं ना? मिठात ते सगळ्यांत आधी मेलं, एकेक नसलेल्यांच्याही आधी. ती म्हणाली, मॅडमला सांगायचं राहून गेलं.

मी कुजबुजत म्हटलं, शक्यच नाही, प्लेटमध्ये मीठ जास्त पडलं असेल. ती म्हणाली, नाही, पुन्हा केलं. पलीकडून दुबेनं मान पुढे काढली आणि विचारलं, काहीच न काढलेलं साधं खमीर त्या प्लेटवर वाढलं होतं का? मागे बसलेल्या कोणीतरी श्श केलं. आम्ही गप्प झालो.

तेव्हा आतल्या दारातून अक्का आल्या. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र तसाच खणखणीत.

"थांबलात काहून?" त्या म्हणाल्या. "हे घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नाही. मला झोप नाही लागून राहिली यात. मोठ्यानं बोला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फरहीननं डोळे पुसले आणि प्लेटचा फोटो उघडून फोन सतरंजीवर मध्यभागी ठेवला. सगळे सरकून जवळ आले. तिवारी सरांनी चष्मा चढवला. मी म्हटलं की एकाच नमुन्यावर विश्वास ठेवता येणार नाही. दुबे म्हणाला की मग उष्णतेच्या वेळसारखं सगळं मुळापासून पुन्हा कर. फरहीन म्हणाली की मिठात गोळ्यांचा प्रश्नच येत नाही, तिथे त्या दोघांचं कामच लागत असेल आणि एकटा उरलेलाही ते थोडंफार भागवत असेल. अक्का भिंतीला टेकून बसल्या, आणि आमचे आवाज हळूहळू वाढत फाटकापर्यंत जाऊ लागले.